पैठणी कुणी नेसायची?

  आज आपण कापडाविषयी बोलणार आहोत. कापड कसं विणायचं, कितीला विकायचं हे नाही. ते अंगावर कुणी घालायचं, आणि हे ठरवणार कोण, याविषयी बोलू.

लाल चौकड्याचं कापड तुम्ही नक्की पाहिलं असेल. मफलर, शर्ट, मुलींचे स्कर्ट. लाल रंगावर निळे-हिरवे पट्टे आणि मधून पिवळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. हा नमुना स्कॉटलंडचा. तिकडे अशा चौकड्यांना टार्टन म्हणतात. रिवाजाप्रमाणे हा लाल टार्टन तिथल्या राजाचा. पण आज तो जगभर कुणीही घालतं आणि कुणी कुणाला अडवत नाही. दुसरा एक करडा टार्टन आहे, बाल्मोरल नावाचा. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५३ च्या सुमारास तो तयार केला. तो मात्र अजूनही राजघराण्यातली माणसं आणि राजाचा पाइप वाजवणारा, एवढेच घालतात. बाकी कुणाला घालायचा तर राजाची परवानगी हवी.

आता यातली गंमत ऐका. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी बंड केलं, म्हणून १७४६ साली कायदा करून तिथल्या पुरुषांना त्यांचाच पोशाख घालायला बंदी केली. ती उठली १७८२ साली. आणि पुढे १८२२ मध्ये खुद्द राजाने एडिंबरा शहरात तोच पोशाख घातला. गरिबाच्या अंगावर जो गुन्हा होता, तो राजाच्या अंगावर मान झाला. कापड तेच होतं.

आपल्याकडचं राजेशाही वस्त्र म्हणजे पैठणी. पैठणची, आणि पुढे येवल्याची. पेशव्यांनी तिला आश्रय दिला, निजामाच्या घराण्यानेही दिला. आज पैठणीला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. हा कायदा काय सांगतो? पैठणी हे नाव कोणत्या भागातल्या, कोणत्या पद्धतीने विणलेल्या कापडाला लावायचं, ते सांगतो. विणकराच्या पोटावर कुणी पाय देऊ नये म्हणून तो आहे. ती साडी नेसायची कुणी, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

दादरला लग्नाचा बस्ता बांधायला आलात तर एवढं लक्षात ठेवा. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. सेमी पैठणी घ्यायची तर खुशाल घ्या, पण सेमीच्या भावाने घ्या.

मग कायदा अडवत नाही, तर अडवतं कोण? गिरगावात गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते. नऊवारी नेसून, नाकात नथ, डोक्याला फेटा बांधून बायका मोटारसायकलवर बसतात. फेटा पुरुषांचा, तो बायकांनी का बांधला, असं तिथे कुणी विचारत नाही. उलट फोटो काढायला गर्दी होते. पण रस्त्यावर जे चालतं ते घरात चालतंच असं नाही. तीच बाई नवरा गेल्यावर घरच्या कार्याला पैठणी नेसायला गेली, की जावा-नणंदा एकमेकींकडे बघतात. हळदीकुंकवाचं बोलावणं तर तिच्या दारावरून पुढे जातं.

आमच्या गटांत अशा कितीतरी जणी आहेत. कुणी पोळीभाजीचे डबे देते, कुणी मसाले कुटते. त्यांतल्या एका ताईंनी मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षं पैसे साठवले. मुलीला पैठणी घेतली, स्वतःलाही एक साधीशी घेतली. नातेवाईक म्हणाले, "तुम्हाला कशाला आता?" ताईंनी साडी ट्रंकेत ठेवून दिली. गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. एकजण म्हणाली, "हप्ता फेडताना कुणी विचारलं नाही, बाई विधवा आहे का म्हणून. मग साडीलाच का विचारतात?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. लग्नाच्या दिवशी आम्ही सगळ्या ताईंच्या बरोबर मांडवात गेलो. ताई पैठणी नेसून मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. काहीजणींनी तोंडं फिरवली. पण अक्षता पडायच्या थांबल्या नाहीत.

कपड्यावरून माणसाची पायरी ठरवायची ही रीत जुनी आहे, आणि ती मोडायची रीतही आपल्याच मातीतली आहे. इथे परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं, की ज्या नेसण्यावरून तुमची जात ओळखतात ते नेसणं सोडा, जातीची खूण झालेले जड दागिने टाका. चांगलं नेसायला जास्त पैसे पडत नाहीत, असंही ते म्हणाले. बायकांनी ते मनावर घेतलं आणि लुगडं नेसायची पद्धत बदलली.

अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाचं. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. म्हणजे तुमच्या ग्रामसभेतही हा विषय मांडता येतो. हेरवाडला झालं, आपल्याकडे का नाही, एवढं विचारलं तरी सुरुवात होते.

तोवर गटात करण्यासारख्या तीन गोष्टी सांगतो. संक्रांतीला गटाचं हळदीकुंकू असेल, तर बोलावणं नोंदवहीतल्या प्रत्येक सभासदाला जाऊ द्या, आणि वाण सगळ्यांना एकच द्या. कार्यक्रमाला अमुकच साडी नेसून या, असा नियम करू नका. जिच्याकडे ती नसेल ती घरीच बसेल. आणि एखादीला नेसायची इच्छा असून ती बिचकत असेल, तर तिला नुसतं "नेस गं" म्हणू नका. त्या दिवशी तिच्या बरोबर जा. एकटीला बोल लावणं सोपं असतं, दहाजणींना अवघड जातं.

आपल्या साडीला कुठल्या राजाची परवानगी लागत नाही, मैत्रिणींनो. मग ती शेजारणीची तरी का लागावी? बैठकीत बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.