कापडी पिशवी किती वेळा वापरली की 'इको-फ्रेंडली' होते?

आजचा विषय तुमच्या घरात दारामागे खिळ्याला लटकतोय. कापडी पिशवी! कॉलेजच्या फेस्टमध्ये मिळालेली, लग्नात मिळालेली, दुकानदाराने दिलेली. माझ्याकडे मोजून नऊ निघाल्या. पण ही पिशवी पर्यावरणाला चांगली, असं आपण कशावरून म्हणतो?

हे मोजायची एक पद्धत आहे. लाइफ सायकल असेसमेंट, म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन. सोपं करून सांगतो: वस्तूची जन्मापासून मरेपर्यंतची कुंडली मांडायची. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी कचरा. प्रत्येक टप्प्यावर किती पाणी, किती वीज लागली, हवेत काय गेलं, सगळं लिहून काढायचं.

२०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने पिशव्यांची अशी कुंडली मांडली. तुलना होती तिथल्या दुकानात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक पिशवीशी. फक्त हवामान बदलाचा विचार केला, तर साधी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा बाजार धरला, तर एक वर्ष. ठीक आहे, जमेल. पण ओझोनचा थर, पाणी वगैरे सगळेच निकष लावले की आकडा जातो ७,१०० वर! रोज वापरली तरी १९ वर्षं. कारण कापूस पिकवायला पाणी, खत, जमीन लागते. मग सूत, कापड, रंग. प्लास्टिकची पिशवी मात्र अगदी हलकी, माल कमी लागतो.

मग काय, प्लास्टिकच बरं? थांबा. गंमत इथेच आहे. डेन्मार्कमध्ये ती पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात लावतात आणि भट्टीत जाळतात. उघड्यावर फेकलेल्या प्लास्टिकचं नुकसान त्या हिशोबात धरलेलंच नाही. आपल्याकडे पिशवी नाल्यात जाते. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा नाले तुंबवण्यात प्लास्टिकचाही हात होता. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, त्यामागे हाच अनुभव होता.

म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून कुठल्याही वस्तूवर 'इको-फ्रेंडली' लिहिलेलं दिसलं की तीन प्रश्न विचारा. कशाच्या तुलनेत? किती वेळा वापरली तर? आणि हिशोबातून कुठला टप्पा वगळलाय?

आणि नवी पिशवी फुकट मिळाली तरी सरळ 'नको' म्हणा. आहे तीच फाटेपर्यंत वापरा. फाटली तर टाका घाला. सगळ्यात भारी पिशवी कुठली सांगू? आजीने जुन्या पँटची शिवलेली. तिच्यासाठी नवा कापूस पिकवावाच लागला नाही!

तुमच्या घरात किती पिशव्या निघाल्या, मोजून नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!