पासबुकातला ‘बाय’

(दहिसर येथे बचत गटांच्या अध्यक्ष व सचिवांच्या बैठकीत दिलेली माहिती)



आज एकाच छोट्या इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय. तो म्हणजे ‘बाय’. फोन ठेवताना म्हणतो तो नाही, तो वेगळा. हा ‘बाय’ आपल्या तोंडात रोज असतो. दहिसरला खोली केवढी आहे विचारलं, की उत्तर येतं, “दहा बाय बारा.” एक बाजू दहा फूट, दुसरी बारा.

कागदावर मात्र हाच शब्द दुसरी कामं करतो. मराठीत आपण ‘ने’, ‘कडून’, ‘पर्यंत’ शब्दाच्या मागे जोडतो: रोखीने, सचिवांकडून, दहा तारखेपर्यंत. इंग्रजीत हे आधी येतं. म्हणून ‘पेड बाय’च्या पुढे जिचं नाव, तिने पैसे दिले. ‘रिसीव्ह्ड बाय’च्या पुढे जिचं नाव, तिने घेतले. सही करताना हे बघाच. आणि ‘बाय 10 जून’ म्हणजे 10 जूनपर्यंत.

आता पासबुक उघडा. बऱ्याच बँका ‘बाय कॅश’, ‘टू कॅश’, ‘बाय ट्रान्सफर’ असं छापतात. हिशेबाची जुनी पद्धत अशी, की जमेच्या नोंदीआधी ‘बाय’ आणि नावे टाकलेल्या नोंदीआधी ‘टू’ लिहायचं. म्हणून पासबुकात ‘बाय कॅश’ म्हणजे रोख भरली, ‘टू कॅश’ म्हणजे रोख काढली. बचत खात्यात ‘बाय इंटरेस्ट’ म्हणजे व्याज मिळालं. कर्ज खात्यात ‘टू इंटरेस्ट’ म्हणजे व्याज लागलं, आणि ‘बाय’ची नोंद म्हणजे आपला हप्ता पोचला.

पण थांबा. ऑडिटच्या इंग्रजी पत्रकात हे उलटं दिसेल. तिथे आलेल्या पैशाआधी ‘टू’ आणि गेलेल्या पैशाआधी ‘बाय’ असतं. यात चूक नाही. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, पत्रक आपल्या वहीचं आहे. समजा, गटाने 5,000 रुपये बँकेत भरले. बँकेच्या दृष्टीने ते आपल्याला द्यायचे पैसे, म्हणून ‘बाय कॅश’. आपल्या दृष्टीने तेच बँकेकडून येणं, म्हणून आपल्या वहीतल्या बँक खात्यात ‘टू कॅश’. व्यवहार एकच, वह्या दोन.

म्हणून नुसता शब्द बघून ठरवू नका. रक्कम कुठल्या रकान्यात आहे ते बघा आणि शिल्लक वाढली की घटली ते बघा. ही खूण कुठल्याही बँकेत चालते.

हे एवढं कशासाठी? खात्यात पैसे सगळ्या जणींचे असतात, पण पासबुक वाचते एखादीच. ती वाचणारी प्रामाणिक असली तरी बाकीच्यांना कळत नसेल तर मनात शंका येते. आणि कुणी गैर केलं, तर ‘टू कॅश’ची ओळ सगळ्यांसमोर असूनही कुणाला दिसत नाही. दोन्हींत नुकसान गटाचंच.

तर महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा. बैठकीत दर वेळी वेगळ्या ताईने मोठ्याने वाचावं: तारीख, रक्कम, आले की गेले. सचिवांनी समोर कॅशबुक धरून जुळवावं. जुळलं नाही, तर ओळीवर पेन्सिलीने खूण करून बँकेत विचारा. विचारायला लाजू नका, खातं आपलं आहे.