घड्याळजीचं भिंग आणि कढीपत्त्यावरची अळी



मुंगीचं छायाचित्र काढायचं तर महागडी मॅक्रो लेन्स हवीच, हा समज इतका पक्का झालाय की अनेक जण बारीक जिवांकडे कॅमेरा वळवतच नाहीत. मला आज आग्रहाने सांगायचंय ते हेच, की त्यासाठी लागतं एक भिंग, मऊ उजेड आणि स्थिर हात. त्यातलं भिंग तर पुष्कळदा घरातच कुठेतरी पडलेलं असतं.

मी चेन्नईत राहते. निसर्गलेखक एम. कृष्णन याच शहरातले. १९१२ साली जन्मलेल्या या माणसाने १९५० पासून १९९६ मध्ये जग सोडून जाईपर्यंत 'द स्टेट्समन'मध्ये 'कंट्री नोटबुक' हे सदर लिहिलं. त्यांचा कॅमेरा त्यांनी स्वतःच जुळवलेला होता. कॅमेऱ्याचं अंग एका कंपनीचं, लेन्स दुसऱ्या कंपनीची, बाकीचे भाग आणखी कुठले. त्या धुडाला ते 'सुपर पॉन्डेरोसा' म्हणत. ई. पी. जी यांच्यासारख्या जाणत्या निसर्गअभ्यासकाने त्या यंत्राबद्दल नवलाने लिहून ठेवलंय. कृष्णन यांनी त्यातून हत्तींसारखे मोठे प्राणी टिपले. पण जे हाताशी आहे त्यातून काम करून घेण्याची त्यांची वृत्ती मुंगीच्या छायाचित्रालाही तितकीच उपयोगी पडते.

मोबाइलपासून सुरुवात करा. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग मोबाइलच्या मुख्य लेन्ससमोर चिकटपट्टीने बसवा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाचं नाभीय अंतर अडीच सेंटिमीटर असतं, म्हणजे वस्तू साधारण तेवढ्या अंतरावर आली की स्पष्ट दिसते. फोकससाठी पडद्यावर बोट दाबत बसू नका, मोबाइलच केसाकेसाने पुढेमागे सरकवा. आणि दोन बोटं फाकवून चित्र मोठं करण्याचा मोह टाळा, त्याने तपशील वाढत नाही.

ज्यांच्याकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी याहून सुंदर युक्ती आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स उलटी करून लावायची. सरळ लावलेली लेन्स दूरचं मोठं दृश्य फिल्मवर लहान करून आणते. तीच उलटी केली की जवळची लहान वस्तू मोठी होऊन येते. अशा लेन्सने मुंगीची प्रतिमा जवळजवळ मुंगीएवढीच पडते, आणि त्यासाठी लेन्स वस्तूपासून साधारण नऊ-दहा सेंटिमीटरवर न्यावी लागते. लेन्स जुनीच घ्या, कारण तिच्यावर छिद्र लहानमोठं करण्याचं कडं असतं. आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेरा चालवतो आणि उलटी केल्यावर तो संपर्कच तुटतो. मात्र उलट्या लेन्सची पाठ उघडी पडते. आमच्या खाऱ्या, दमट हवेत तिला बुरशी चटकन धरते, म्हणून काम झालं की ती पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवावी.

खरी कसोटी यापुढे लागते. वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपताना, छिद्र एफ-८ वर ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. उजेडही दूरच्या दृश्याच्या मानाने चौथाईच आत येतो. फांदी हलली की सगळं गेलं. म्हणून डाव्या हाताच्या बोटांत देठ धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा, म्हणजे दोन्ही एकदमच हलतात. ऊन कडक असेल तर मलमलीचा तुकडा किंवा ट्रेसिंग पेपर मध्ये धरावा, नाहीतर भुंग्याच्या चकचकीत पाठीवर नुसता पांढरा डाग उमटतो. चेन्नईत दिवस चढला की समुद्रावरून वारा सुटतो आणि पानं डोलू लागतात. हे काम सकाळचंच.

आता काय टिपायचं? इथल्या आंब्याच्या झाडांवर तांबड्या विणकर मुंग्या असतात, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्या. आपल्याच अळ्यांच्या रेशमाने त्या पानं शिवून घर करतात. त्यांच्या रांगेच्या आसपास नीट पाहिलंत तर एखादी 'मुंगी' आठ पायांची निघू शकते. तो कोळी असतो, हुबेहूब मुंगीचं सोंग घेतलेला. पुढचे दोन पाय उचलून तो मुंगीच्या स्पर्शिकांसारखे हलवतो. नुसत्या डोळ्यांना सहज फसवणारं हे सोंग भिंगाखाली उघडं पडतं, आणि मला या छंदात याहून मोठा आनंद ठाऊक नाही. कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी सापडते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून उग्र वासाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते. काहीच सापडलं नाही तर आमच्या बेझंट नगरच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू कागदावर पसरा. गार्नेटचे लाल कण वेगळे ओळखू येतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणं, चिकटवणं, ओंबिलांचं घर फाडून आत डोकावणं, हे करू नका. असं मिळवलेलं छायाचित्र कितीही देखणं असलं तरी ते त्या जिवाबद्दल खोटं सांगतं.

आणि काढलेली छायाचित्रं मोबाइलमध्ये पडून राहू देऊ नका. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ चालवतात. हौशी निरीक्षकांनी पाठवलेली अंड्यांची, अळ्यांची आणि कोषांची छायाचित्रंही तिथे नोंद म्हणून जतन होतात. तुमची कढीपत्त्यावरची अळी तिथे जरूर पाठवा, आणि सोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव लिहायला विसरू नका.