पेशींची सुटलेली पकड
कर्जत-खालापूरच्या खाचरांत मुठीचा बंद सुटला, की आवणाची रोपे पाण्यावर तरंगत जाऊन बांधाला अडकतात व तेथेच रुजतात. अंडाशयाचा कर्करोग बराचसा असाच पसरतो. पेशींना परस्परांशी जखडणाऱ्या कॅडेरिन प्रथिनांची पकड ढिली झाली, की पेशींचे पुंजके पोटातील द्रवात तरंगू लागतात. त्यांच्यावरील सीए-१२५ हे प्रथिन उदराच्या अस्तरावरील मेसोथेलिनला चिकटते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच! पोट फुगले, की ‘वात झाला’ म्हणून चूर्णावर दिवस काढले जातात. नेमके हेच दिवस मोलाचे असतात. पोट फुगणे, चार घासांत भरणे, वारंवार लघवीस होणे ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकल्यास भगिनीस कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. टाटा मेमोरियल सेंटरचे खारघर येथील रुग्णालय व संशोधनकेंद्र याच जिल्ह्यात आहे.