नाण्यावरचं एक अक्षर
(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



सोमवारी पहाटेचं विमान पकडायचं आणि गुरुवारी रात्री घरी परतायचं, ही आम्हा कन्सल्टिंगवाल्यांची वारी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या परिचयाची आहे. गाव कुठलंही असो, आपल्याला दिसतं काय? विमानतळ, भाड्याची गाडी, हॉटेल आणि क्लायंटचं ऑफिस. वर्षभर एका शहरात जाऊन येऊन असलेल्या माणसाला "काय आहे हो तिथे?" असं विचारलं, तर सांगता येत नाही. पण आयुष्यातलं ते वर्ष तर खर्च झालेलं असतं! यावर मला सापडलेला उपाय म्हणजे नाण्यांचं दुकान.

उदाहरण शार्लटचं घेऊ. तिथल्या बँकांच्या प्रोजेक्टवर आपली कितीतरी मंडळी जातात. 'मिंट म्युझियम'ची पाटी वाचून आपल्याला आधी पुदिना आठवतो! पण हे मिंट म्हणजे टांकसाळ. १७९९ साली शार्लटपासून पंचवीसेक मैलांवर कॉनरॅड रीड नावाच्या १२ वर्षांच्या मुलाला ओढ्यात एक पिवळा दगड सापडला. वजन १७ पौंड. घरच्यांनी तीन वर्षं तो दाराला टेकण म्हणून वापरला आणि १८०२ साली एका सोनाराला साडेतीन डॉलरला विकला. ते चक्क सोनं होतं! पुढे त्या भागात इतकं सोनं निघालं की सरकारने १८३७ साली शार्लटला टांकसाळ काढली. तिथे फक्त सोन्याची नाणी पाडत आणि त्यांवर 'सी' हे अक्षर असे. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झालं आणि टांकसाळ बंद पडली. पुढे इमारत पाडायची वेळ आली, तेव्हा गावकऱ्यांनी ती दुसऱ्या जागी नेऊन पुन्हा उभारली. १९३६ पासून तिथे कलासंग्रहालय आहे. रीडची खाणही पाहता येते.

हा सगळा इतिहास एका अक्षरामागे! असंच 'सीसी' दिसलं तर कार्सन सिटी, 'ओ' दिसलं तर न्यू ऑर्लिन्स. या दोन्ही जुन्या टांकसाळींतही आता संग्रहालयं आहेत.

आता थोडं व्यवहाराचं. ही दुकानं बहुधा लहान असतात आणि संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून आधी फोन करावा. महागडं काही घ्यायलाच हवं असं नाही. परदेशी नाण्यांची स्वस्त पेटी मागावी, कधी कधी तीत आपला जुना पैसाही हाती लागतो. आणि निघताना दुकानदाराला विचारावं, "तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे?" हा माणूस सहसा गावातला जुना असतो. हॉटेलच्या काउंटरवर मिळणार नाही अशी माहिती तो देतो, आणि चार दिवसांत कामाखेरीज कोणाशी तरी दोन शब्द बोलणंही होतं.

शेवटी एक गृहपाठ. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात भारतातली नाणी ठेवाल, तेव्हा मुलांना जवळ बोलवा आणि सालाच्या खाली बघायला सांगा. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असली तर नाणं मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. आपलं गाव मुलांना दाखवायला यापेक्षा सोपी सुरुवात मला तरी माहीत नाही.

शुभ दीपावली!