टाकी, डी-थ्री आणि मामांचं कॅलेंडर

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. आणि मागे जो आवाज येतोय तो लोकलचा. कळव्यात राहून खिडकी बंद केली तरी तो येतोच, त्यामुळे तो ऐकू आला नसेल तर तुम्ही हे वाचताय.

आर्डुइनो किंवा ईएसपीशी खेळणाऱ्या बऱ्याच जणांचं एकच रडगाणं असतं. प्रोजेक्ट टेबलावर मस्त चालतो आणि जागेवर नेऊन लावला की बंद पडतो. यावर टिप्स देण्यापेक्षा माझा स्वतःचा पोपट कसा झाला ते सांगतो. पूर्ण इमारतीसमोर झालाय, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमची इमारत खारेगावात. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. पाणी पहाटे साडेपाचला येतं, साडेसातला जातं. ते आधी खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. खालची टाकी भरली की तिचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. म्हणून पाणी येत असतानाच पंप चालला पाहिजे. उशीर झाला तर फक्त खालच्या टाकीत मावलं तेवढंच पाणी मिळतं, म्हणजे दिवसाचं निम्मं.

हे काम वर्षानुवर्षं आमचे वॉचमन मामा करायचे. पहाटे उठून हिरवं बटण दाबायचं, गच्चीवरून पाणी सांडायचा आवाज आला की लाल. त्याचे त्यांना महिन्याला पंधराशे रुपये वेगळे मिळायचे.

आणि मग मी उगवलो. बीटेक, आयटीत नोकरी, घरात सोल्डरिंग आयर्न. मीटिंगमध्ये म्हणालो, हे तर पाचशे रुपयांच्या बोर्डाने होतं. कमिटी खूश झाली. एक नोडएमसीयू घेतला. नोडएमसीयू म्हणजे ईएसपी८२६६ चिपचा बोर्ड. ही चिप २०१४ मध्ये बाजारात आली आणि वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर एकदम वडापावच्या हिशोबात आला, नाहीतर आधी नुसत्या वाय-फायच्या शील्डलाच हजारो रुपये जायचे. गच्चीच्या टाकीत एक फ्लोट स्विच, खालच्या टाकीत दुसरा. वरची टाकी उतरली की वरचा स्विच जोडला जातो, भरली की सुटतो. साडेपाच ते आठ या वेळेत वर पाणी कमी आणि खाली पाणी आहे असं दिसलं, की पंप चालू.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो. ते निळं छोटं रिले असतं ना, ज्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं, त्याला पंप थेट जोडू नका. पंप सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो आणि आतले पत्रे एकमेकांना चिकटून बसतात. वेल्डिंगच होतं म्हणा ना. मग प्रोग्रॅम बंद म्हणाला तरी पंप चालूच राहतो. आमच्याकडे रिले फक्त जुन्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढतं, आणि ती जोडणी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनने केली, मी नाही. २३० व्होल्टमध्ये यूट्यूब बघून हात घालायचा नाही. सुदैवाने त्याने हिरवं-लाल बटण तसंच ठेवलं. मी तर काढा म्हणत होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा बसला. जुलैपासून मामांचे पंधराशे बंद झाले. ते मी बंद केले नाहीत, कमिटीने केले, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तीन महिने मशीन मक्खन चाललं. निदान मला तसं वाटत होतं.

मग गणपती आले. मामा कणकवलीकडे गावाला गेले, सेक्रेटरीही गावाला, अर्धी इमारत कोकणात. चतुर्थीच्या आदल्या रात्री पाऊस झाला, लाइट गेली, तासाभराने आली. सकाळी सात वाजून गेल्यावर दारावर थाप. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती, भटजी नऊला येणार, मोदकांचं सारण तयार, आणि नळाला पाणी नाही. मी आधी काय केलं असेल? मोबाइल काढला आणि म्हणालो, "काकू, इथे तर हिरवी टिक दिसतेय."

त्या काही बोलल्या नाहीत. नुसती रिकामी कळशी दाखवली.

खाली धावलो. डब्यावरचा दिवा लागलेला, पण मशीन ढिम्म. हिरवं बटण दाबून पंप चालू केला, पण पाणी जायला वीस मिनिटंच उरली होती. त्या दिवशी सोळा घरांनी निम्म्या पाण्यात गणपती केला. आईने आमच्याकडच्या दोन बादल्या काकूंकडे पोचवल्या आणि मला दिवसभर एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हिरव्या टिकेचं आधी सांगतो, कारण ती चूक शंभर टक्के सॉफ्टवेअरची होती. बोर्डाकडून आलेला शेवटचा निरोप मी दाखवत होतो, पण तो कधी आला ते दाखवत नव्हतो. बोर्ड रात्री मेला आणि फोनवर रात्रीचीच टिक राहिली. आता तिथे "४ मिनिटांपूर्वी" असं येतं, आणि दहा मिनिटं निरोप आला नाही की सगळं लाल. चार ओळींचं काम होतं.

पण बोर्ड मेला का? पुढचे आठ दिवस मी जे केलं ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. रोज रात्री डबा काढून घरी आणायचो. टेबलावर फ्लोट स्विचच्या जागी एक साधं पुश बटण लावलेलं. वीज द्यायची, लगेच चालू. शंभर वेळा बंद-चालू केलं असेल, शंभर वेळा चालला. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला संशय कोडवर. लॉग वाढवले, वॉचडॉग तपासला, राउटर उशिरा चालू झाला तर घड्याळ मिळत नसेल म्हणून तो भाग पुन्हा लिहिला. मग संशय पॉवर सप्लायवर. वाय-फाय काही पाठवताना ही चिप क्षणभर तीनशे मिलीअँपिअरपर्यंत मागते, आणि वायर बारीक असेल तर व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर लावला तर अडॅप्टरपाशी ५.० आणि बोर्डापाशी ४.४! सापडलं म्हणून नाचलो. जाड वायर घातली, कपॅसिटर लावला. तो दोष खरा होता, पण हा तो नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग बोर्डच खराब असं ठरवून शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. कळव्याला फास्ट थांबत नाही, म्हणून स्लोने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड आणि मग चालत. नवीन बोर्ड आणला. तोही दोन दिवसांनी मेला. आता मात्र मी वायफळ बोलायला लागलो, पंपाच्या खोलीतल्या ओलाव्याला दोष द्यायला लागलो. बघा, आठ दिवसांत मी चार वस्तू बदलल्या आणि एकदाही जागेवर, बंद पडलेल्या अवस्थेत, त्या बोर्डाकडे नीट बघितलं नव्हतं. मशीन मेलं की पहिलं काम काय, तर ते उचलून घरी नेणं. म्हणजे पेशंटला ताप असताना न तपासता, ताप उतरल्यावर घरी बोलवायचं.

मामा परत आले. त्यांना विचारलं, कारण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. ते म्हणाले, "लाइट जाऊन आली की होतं दादा असं. आधीपासून होतंय."

आधीपासून? त्यांनी केबिनमधलं कालनिर्णय काढून दाखवलं. ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, त्यावर मामा पंपाच्या वेळा लिहीत होते. जून, जुलै, ऑगस्ट. काही चौकोनांत 'ला. गे.', म्हणजे लाइट गेली. आणि काहींत नुसता 'हा'. 'हा' म्हणजे हाताने.

मी 'हा' मोजले. अकरा.

तीन महिन्यांत अकरा वेळा माझं मशीन मेलेलं आणि मामांनी पहाटे उठून हिरवं बटण दाबलेलं. त्यातले आठ जुलैनंतरचे, म्हणजे पंधराशे बंद झाल्यावरचे. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? म्हणाले, "तुम्ही ऑफिसवाले, झोपलेले असता. आणि पाणी नाही आलं तर बायका मला विचारतात, तुम्हाला नाही विचारत."

मग मला सुचला तो खरा प्रश्न. हाताने पंप चालवल्यावर माझा डबा परत कसा चालू व्हायचा? मामा म्हणाले, डब्याचं बटण बंद-चालू करायचं. "पण टाकी भरल्यावर करायचं दादा. आधी केलं तर नाही लागत. भरल्यावर केलं की लागतो."

ज्यांना समजलं त्यांनी आत्ता कपाळावर हात मारला असेल. मी पण मारला.

रात्री साडेदहाला लॅपटॉप घेऊन पंपाच्या खोलीत गेलो. वरची टाकी उतरलेली, म्हणजे फ्लोट स्विच जोडलेला. बंद-चालू केलं, बोर्ड मेलेला. फ्लोटची वायर सोडवली, बंद-चालू केलं, जिवंत. वायर लावली, मेला. सोडवली, जिवंत. पाच वेळा केलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो दोष माझ्या मर्जीने होत होता. दोष मनात येईल तेव्हा पाडता आला की अर्धं काम झालेलं असतं.

कारण असं. फ्लोटची वायर मी डी-थ्री या पिनला लावली होती. का? जवळ होती म्हणून. डी-थ्री म्हणजे चिपचा जीपीआयओ झिरो. वीज आली की चिप सर्वांत आधी याच पिनकडे बघते. तिथे व्होल्टेज असेल तर तुमचा प्रोग्रॅम चालवते. पिन शून्यावर ओढलेली असेल तर तिला वाटतं, कुणीतरी नवीन प्रोग्रॅम भरायला बसलंय, आणि ती वाट बघत राहते. बोर्डावरचं फ्लॅश नावाचं बटण हेच करतं. आमच्या टाकीतलं पाणी उतरलं की फ्लोट स्विच ते बटण दाबून धरत होता, चार मजले वरून. टाकी भरलेली असताना लाइट गेली तर काही नाही. रात्री, टाकी उतरल्यावर गेली, की लाइट आल्यावर बोर्ड सकाळपर्यंत लॅपटॉपची वाट बघत बसणार. टेबलावर पुश बटण दाबून धरून मी वीज कधी दिलीच नव्हती, कशाला देईन?

आणि हे बोर्ड स्वतः सांगत होता. वीज आली की सिरियल मॉनिटरवर पहिली एक ओळ कचरा येते ना, ती? ११५२०० च्या वेगावर तो कचरा दिसतो, कारण सुरुवातीचा निरोप चिप ७४८८० या विचित्र वेगाने पाठवते. तो वेग निवडला तर स्वच्छ अक्षरं येतात. चांगला सुरू झाला तर बूट मोड ३, आमचा येत होता १. बायनरीत ३ म्हणजे ०११ आणि १ म्हणजे ००१. मधला आकडा म्हणजे जीपीआयओ झिरो. ती ओळ रोज माझ्या समोर येत होती आणि मी ती वर ढकलून माझे लॉग वाचत होतो.

दुरुस्ती काय, तर वायर डी-थ्रीवरून डी-सेव्हनवर आणि कोडमध्ये एक आकडा बदलला. डी-फोर आणि डी-एटलाही सुरुवातीला अशीच कामं असतात, तिथेही स्विच लावताना जपून.

पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब झाली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. तिथे मुलं शिकता शिकताच गावाला लागणारी खरी कामं करतात. आधी मला हे शाळेच्या माहितीपत्रकातलं वाक्य वाटायचं. पण विचार करा, काम बिघडलं तर तिथे कुणीतरी येऊन सांगणारच. माझ्याकडे अकरा वेळा बिघडलं आणि मला कुणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्याचे पैसे मीच कापायला लावले होते.

ऑक्टोबरच्या मीटिंगला मी कॅलेंडर घेऊन गेलो. मशीन आता नीट आहे, पण ते नीट आहे की नाही हे बघणारा माणूस लागतो आणि त्याचे पैसे द्यावे लागतील, असं म्हणालो. बराच वाद झाला. एक काका म्हणाले, मग मशीन कशाला लावलं? त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या आणि हजार रुपयांवर तडजोड झाली. पंधराशे नाही झाले.

मामा अजून कॅलेंडरवर लिहितात. मी दर रविवारी त्याचा फोटो काढतो आणि माझ्या लॉगशेजारी ठेवून बघतो. मागच्या महिन्यात पुन्हा एक 'हा' दिसला. विचारलं तर म्हणाले, "काही नाही दादा, मशीन चालू होतं. मला जाग आली होती, म्हणून दाबलं."