चित्र पडद्यावर येतं तेव्हा



आपल्या देशाच्या कलेचा इतिहास पडद्यावर कसा मांडावा, हा आजचा विषय. त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. आपल्या चित्रकारांनी स्वतः हाती कॅमेरा घेऊन जे प्रयोग केले, त्यांना या इतिहासात जागा कुठली? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

सिनेमा आणि चित्रकला यांचं नातं आपल्याकडे पहिल्यापासून सख्खं. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि रविवर्म्याच्या छापखान्यातही त्यांनी काम केलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे आले. इतकं जवळचं नातं असूनही कलेवरचा माहितीपट म्हटला की चित्र आणि प्रेक्षक यांच्यामध्ये निवेदक येऊन उभा राहतो. जन्मसाल, गुरू, परदेशवारी, पुरस्कार, मागे सतार, आणि चित्र मात्र चार-पाच सेकंद. प्रेक्षकाला माहिती मिळते, पण चित्र पाहायचं राहूनच जातं.

चित्र पडद्यावर आलं की त्याचं काय होतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. दालनात आपण चित्राजवळ जातो, मागे सरतो, वाटेल तितका वेळ थांबतो. पडद्यावर हे सगळं दिग्दर्शक ठरवतो. शिवाय आकार हरवतो. तळहाताएवढं पहाडी लघुचित्र आणि अजिंठ्याची अख्खी भिंत, दोन्ही एकाच चौकटीत सारखी दिसतात. रंगाचा थर, कुंचल्याचा फराटा, भिंतीचा खडबडीतपणा पुसट होतो. एवढं गमावल्यावर पडद्याकडे देण्यासारखं एकच उरतं, ते म्हणजे वेळ. नजर कुठून कुठे जावी आणि किती रेंगाळावी, हे सिनेमा शिकवू शकतो.

सत्यजित राय यांनी ते करून दाखवलं. शांतिनिकेतनात आपले शिक्षक असलेल्या विनोदबिहारी मुखर्जींवर त्यांनी १९७२मध्ये ‘द इनर आय’ हा लघुपट केला. विनोदबिहारींची दृष्टी १९५०च्या दशकात पूर्ण गेली होती, तरी त्यांचं काम थांबलं नव्हतं. लघुपटाला निवेदन आहे, पण मोजकं. हिंदी भवनातल्या मध्ययुगीन संतांच्या भित्तिचित्रावरून कॅमेरा सरकत जातो, तेव्हा त्या भिंतीशेजारून चालत गेल्यासारखं वाटतं. चित्रकारानं जो क्रम भिंतीत घातला, तोच क्रम कॅमेऱ्यानं पाळला आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी मकबूल फिदा हुसेन यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. राजस्थानातली माणसं, भिंती, छत्री, कंदील. सुरुवातीचे चार शब्द सोडले तर चित्रकार काहीच समजावून सांगत नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. १९७०मध्ये तय्यब मेहतांनी ‘कूडल’ केला. त्यांच्या कॅनव्हासवरचा कोसळणारा बैल तिथे वांद्र्याच्या कत्तलखान्यात प्रत्यक्ष दिसतो. मेहतांचा तो बैल समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते कॅनव्हासइतकाच हा चित्रपट पाहणं गरजेचं आहे.

याच सुमारास अकबर पदमसींना नेहरू फेलोशिप मिळाली. तिच्या आधारानं त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभं केलं. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार एकत्र यावेत, एकमेकांची साधनं हाताळावीत, हा त्यामागचा विचार. तिथे त्यांनी ‘सिझिजी’ केला. अकरा-एक मिनिटांचा, कृष्णधवल, मूक. बिंदू, रेषा, आकडे एकमेकांशी नातं जोडतात आणि मोडतात, एवढंच त्यात घडतं. त्याच कार्यशाळेत जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी १९६९ साली ‘ड्रीम हाउसेस’ हा प्रयोग केला. छोट्या प्रतिकृती, रंगीत प्रकाश आणि एकेक चौकट टिपत केलेलं चित्रण.

पदमसींचा दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. त्याची प्रत एकच होती. ती प्रदर्शनासाठी बाहेर पाठवली गेली आणि हरवली. तो चित्रपट कायमचा गेला. अनेक वर्षांनी आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणींच्या आधारे, त्या हरवलेल्या कृतीचा शोध घेणारा चित्रपट त्याच नावानं २०१६मध्ये केला. पदमसींचं एखादं तैलचित्र असं हरवलं असतं तर केवढा गहजब झाला असता! फिल्मच्या रिळाला आपण कलाकृती मानलं नाही, म्हणून ते कुणाला फारसं खुपलं नाही. मला ते खुपतं, आणि तुम्हालाही खुपावं असं मला वाटतं.

आता एक कृती जरा जवळून पाहू. राजा रविवर्म्यानं १८८९मध्ये एक चित्र काढलं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. वेगवेगळ्या प्रांतांच्या, वेगवेगळ्या समाजांच्या अकरा स्त्रिया आपापल्या पेहरावात एकत्र जमल्या आहेत, काहींच्या हाती वाद्यं आहेत. सगळा देश एका मैफलीत बसला आहे, असं सांगणारं हे चित्र. २००३ साली नलिनी मलानी यांनी तेच चित्र घेऊन ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ हा व्हिडिओ केला. गडद लाल भिंत, सोनेरी चौकट, आजूबाजूला दिवाणखान्याचा थाट आणि चौकटीत कॅनव्हासच्या जागी हलतं चित्र. वादक स्त्रिया दिसतात, मैफल सुरू होते आणि मध्येच बंदुकीचे बार ऐकू येतात. मागे २००२च्या गुजरात दंगलींची जखम आहे. रविवर्म्याची थोरवी यात कुठेही कमी होत नाही. उलट त्याच्या स्वप्नाची किंमत तेव्हाच कळते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या चित्राला आजच्या चित्रकर्तीनं विचारलेला हा प्रश्न म्हणजेच कलेचा इतिहास.

म्हणून माझं म्हणणं असं. चित्रकारांचे चित्रपट आणि व्हिडिओ हे आपल्या कलेचा इतिहास पडद्यावर मांडणारे सर्वांत प्रगल्भ ग्रंथ आहेत. त्यांना परिशिष्टात टाकू नका. माहितीपटात त्यांचे तुकडे कापून वर निवेदन चढवू नका. ते सबंध दाखवा, मूक असतील तर मूकच दाखवा. चित्र दाखवाल तेव्हा शेजारी एखादा माणूस उभा करा, म्हणजे आकार कळेल. आणि बोलणं थांबवून प्रेक्षकाला मिनिटभर पाहू द्या.

हे अवघड नाही. अनेक कला महाविद्यालयांत प्रोजेक्टर आहेत, अनेक शहरांत फिल्म सोसायट्या आहेत, आणि चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय तर १९६४पासून आपल्या पुण्यातच आहे. रविवर्म्याच्या तासाला मलानींचा व्हिडिओ आणि मेहतांच्या तासाला ‘कूडल’ लावायला शिक्षकानं मनावर घेणं एवढंच लागतं. पदमसींचा ‘सिझिजी’ आपल्यापाशी आहे, त्यांचा दुसरा चित्रपट नाही. जे हाती आहे त्याच्या प्रती करणं, ते जपणं आणि वारंवार दाखवणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि ते याच वर्षी सुरू व्हावं, एवढी विनंती करून मी थांबतो.